राक्षसी भोपळ्याचा हंगाम वाढवणारी आच्छादनं : कधी झाकायचं, कधी उघडायचं

मे महिना संपत आला की दक्षिण ओंटारियोतल्या आपल्या बागकाम करणाऱ्या मंडळींकडून एकच तक्रार कानावर येते. एप्रिलमध्ये घरात जोमदार रोप तयार केलं, मेमध्ये अंगणात प्लास्टिकच्या बोगद्याखाली लावलं आणि एका दुपारी पाहिलं तर पानं उकडलेल्या अळूसारखी पडलेली. "थंडी बाधली" असं म्हणून लोक पुढच्या वर्षी आणखी जाड प्लास्टिक आणतात आणि आणखी घट्ट बंद करतात. प्रत्यक्षात बहुतेक रोपं थंडीनं जात नाहीत. स्वच्छ ऊन पडलेल्या सकाळी बोगदा बंद राहिला म्हणून जातात.

आच्छादन घालणं हे एका दिवसाचं काम आहे. ते रोज वेळेवर उघडणं आणि बंद करणं हे पाच-सहा आठवड्यांचं काम आहे, आणि यश त्यावरच अवलंबून असतं. या लेखात पायऱ्या त्याच क्रमानं दिल्या आहेत. तारखा दक्षिण ओंटारियोच्या आहेत. मिशिगन, न्यूयॉर्कचा उत्तर भाग किंवा मिनेसोटात राहत असाल तर आपापल्या भागातल्या शेवटच्या फ्रॉस्टच्या तारखेनुसार त्या आठवडा-दोन आठवडे पुढेमागे करा. 'अटलांटिक जायंट' जातीचं बी धरून लिहिलं आहे, पण काशीफळ, टरबूज, खरबूज लावणाऱ्यांनाही पहिले सात टप्पे जवळपास जसेच्या तसे लागू पडतील.

## टप्पा १ : कॅलेंडर उलटं मोजा

आधी आच्छादन विकत आणून मग तारखा ठरवू नका. उलट करा.

वजनाच्या स्पर्धा ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतात. पोर्ट एल्गिनचा पम्पकिनफेस्टही त्याच सुमारास भरतो. परागीभवनापासून फळाला ८० ते १०० दिवस मिळाले तर ते पूर्ण वाढतं. म्हणजे १ ऑक्टोबरपासून मागे ९० दिवस मोजले की ३ जुलै येते. त्या दिवशी मुख्य वेलीवर, मुळापासून दहा-बारा फुटांवर, मादी फूल उमललेलं हवं. वेल एवढी लांब व्हायची तर रोप मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जमिनीत गेलेलं हवं. आणि त्या वेळी आपल्याकडे फ्रॉस्टचा धोका टळलेला नसतो. तलावाकाठच्या भागात तो मेच्या मध्यापर्यंत राहतो, आत गेल्फ-ऑरेंजव्हिलच्या बाजूला मेच्या अखेरपर्यंत.

हे दोन-तीन आठवड्यांचं अंतर भरून काढणं, एवढंच वसंतातल्या आच्छादनाचं काम.

सप्टेंबरमध्येही आच्छादन वापरता येतं, पण दोन्हींचं मोल सारखं नाही. परागीभवनानंतर साधारण विसाव्या ते चाळिसाव्या दिवसाच्या दरम्यान फळ सर्वांत वेगानं वाढतं. चांगल्या वेलीवर दिवसाला १५ किलो आणि त्याहूनही जास्त. फूल जुलैच्या सुरुवातीला धरलं तर हा काळ जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यात येतो, म्हणजे दिवस मोठे आणि रात्री उबदार असताना. फूल जुलैअखेर धरलं तर तोच काळ ऑगस्टच्या शेवटाकडे ढकलला जातो, जेव्हा रात्री गार व्हायला लागलेल्या असतात. सप्टेंबरात कितीही पांघरुणं घातली तरी हे नुकसान भरून निघत नाही. म्हणून पैसा आणि वेळ मर्यादित असेल तर तो मे महिन्यावर घाला.

तपासा : पाच तारखा कागदावर लिहून गॅरेजच्या दाराला लावा. माती तापवायला सुरुवात (१५ एप्रिल), बी पेरणं (२० ते २५ एप्रिल), रोप बाहेर लावणं (५ ते १० मे), आच्छादन काढणं (जूनचा मध्य), परागीभवन (१ ते १० जुलै).

## टप्पा २ : कापड की प्लास्टिक, हे नीट समजून घ्या

दोन्हींना आपण 'कव्हर' म्हणतो आणि इथेच गल्लत होते. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

पारदर्शक प्लास्टिक दिवसा ऊब कमावतं. रात्री मात्र साधं पॉलिथिन जमिनीतून निघणारी उष्णता बरीचशी बाहेर जाऊ देतं. त्यामुळे निरभ्र, शांत रात्री नुसत्या प्लास्टिकखालचं तापमान बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक-दोन अंशांनी जास्त असतं. "बोगदा होता तरी रोप गोठलं" याचं कारण हेच. सहा मिल जाडीचं, म्हणजे सुमारे १५० मायक्रॉनचं, ग्रीनहाऊससाठीचं प्लास्टिक घ्या. बांधकामाच्या दुकानातलं प्लास्टिक स्वस्त पडतं, पण उन्हानं ठिसूळ होऊन एका हंगामात फाटतं.

क्रॉप कव्हर, म्हणजे महाराष्ट्रात कलिंगडावर घालतात ते पांढरं न विणलेलं कापड, हवा आणि पाणी आरपार जाऊ देतं. ते दिवसा फार तापत नाही, म्हणून चुकून झाकलेलं राहिलं तरी रोप लगेच मरत नाही. जाडी चौरस मीटरला किती ग्रॅम, अशी मोजतात. १७ ते २० ग्रॅमचं कापड सुमारे ८५ टक्के प्रकाश आत सोडतं आणि एक-दोन अंशांचं संरक्षण देतं. ३० ग्रॅमचं सुमारे ७० टक्के प्रकाश सोडतं आणि दोन-तीन अंश वाचवतं. ५० ग्रॅमचं कापड रात्रीपुरतं उत्तम, पण प्रकाश निम्म्यावर आणतं, म्हणून दिवसा ते रोपावर ठेवायचं नाही.

माझं स्पष्ट मत : बाहेर प्लास्टिक, आत रात्रीपुरतं ३० ग्रॅमचं क्रॉप कव्हर, आणि दोन्हींमध्ये हवेची पोकळी. हे दुहेरी आच्छादन एकाच जाड प्लास्टिकपेक्षा रात्री कितीतरी चांगलं काम करतं.

दोन तापमापकही आणा. एक कमाल-किमान नोंदवणारा आणि एक मातीत खुपसायचा. तापमापक नसेल तर आच्छादन घालूच नका. अंदाजानं हे काम होत नाही.

## टप्पा ३ : रोपाआधी माती गरम करा

हवा गरम आणि माती गार, अशा जागी लावलेलं रोप वरून हिरवं दिसतं पण वाढत नाही. गार मातीत मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि वर बोगद्यात ऊन तापलं की भर ओल्या मातीतही पानं माना टाकतात. मग लोक आणखी पाणी घालतात, माती आणखी गार होते आणि मूळ कुजतं.

१५ एप्रिलच्या सुमारास, माती वाफशावर आली की :

१. जागा खणून कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. ताजं शेणखत नको.

२. मधोमध चार-सहा इंच उंच, सहा फूट रुंद गादीवाफा करा. उंच माती लवकर निचरते आणि लवकर तापते.

३. भरपूर पाणी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सावकाश सोडते.

४. वर पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटून अंथरा आणि कडा मातीनं दाबा. काळं प्लास्टिक स्वतः तापतं पण मातीला तेवढी ऊब देत नाही. पारदर्शक प्लास्टिकमधून ऊन थेट मातीवर पडतं. त्याखाली तण उगवेल, ते रोप लावताना काढून टाका.

ज्यांना आणखी आठवडाभर आधी लावायचं आहे ते मातीत सहा-आठ इंच खोल, थर्मोस्टॅट असलेली माती तापवायची केबल पुरतात. पुरलेल्या जागेवर खूण करा, नंतर कुदळ तिथेच लागते. जोडणी बाहेरच्या वापरासाठी बनवलेल्या, गळती होताच वीज तोडणाऱ्या जीएफसीआय सॉकेटवरच करा.

तपासा : सकाळी आठला चार इंच खोलीवर मातीचं तापमान सलग तीन दिवस १६ अंश सेल्सिअसच्या वर हवं. १८ ते २१ असेल तर फार छान. दुपारचा आकडा धरू नका, तो फसवतो.

सावध : मागच्या वर्षी जिथे भोपळा, झुकिनी किंवा काकडी होती तिथे आच्छादन घालायचं टाळा. वेल पोखरणाऱ्या अळीचे कोष मातीत हिवाळा काढतात. पतंग बाहेर पडतो तो थेट तुमच्या बोगद्यातच, आणि मग आच्छादन किडीला बाहेर ठेवण्याऐवजी आत कोंडून ठेवतं.

## टप्पा ४ : सांगाडा उभारा, पण दोन्ही तोंडं उघडणारा

सहा फूट रुंद आणि आठ फूट लांब बोगदा एका रोपाला जूनच्या मध्यापर्यंत पुरतो. चार फुटांचे छोटे बोगदे दिसायला सोपे, पण त्यात पानं दोन आठवड्यांतच प्लास्टिकला टेकतात आणि टेकलेलं पान फ्रॉस्टच्या रात्री त्या जागी गोठतं.

साहित्य दुकानात सहज मिळतं : अर्धा इंची लवचीक पाण्याचे पाइप, प्रत्येकी दहा फुटांचे पाच, दोन फुटी लोखंडी सळयांचे दहा तुकडे, सुतळी किंवा नायलॉन दोरी, आणि १२ बाय १८ फुटांचं प्लास्टिक.

१. सळया एक-एक फूट जमिनीत ठोका. लांबीच्या बाजूनं दर दोन फुटांवर एक, समोरासमोर.

२. पाइपाची टोकं सळयांवर सरकवून कमानी करा. उंची तीन फुटांपेक्षा थोडी जास्त मिळते.

३. सगळ्या कमानींचे माथे एका दोरीनं बांधून दोन्ही टोकांना खुंट्यांना ताणा. ही दोरी नसेल तर पहिल्या वादळी रात्री कमानी एकमेकींवर पडतात.

४. प्लास्टिक घाला. पश्चिमेची लांब बाजू सहा इंच खोल चरात पुरा, कारण आपल्याकडे जोराचा वारा बहुतेक वेळा तिकडून येतो. दुसरी लांब बाजू पुरू नका. तिच्या कडेला लाकडी पट्टी स्क्रूनं बसवा आणि वर विटा ठेवा. ही बाजू गुंडाळून वर करता आली पाहिजे.

५. दोन्ही तोंडांचं प्लास्टिक मोकळं ठेवून चिमट्यांनी किंवा विटांनी बंद करा.

शेवटच्या दोन पायऱ्यांत सर्वांत जास्त चुका होतात. चारही बाजू मातीत पुरल्या की बोगदा सुंदर, घट्ट दिसतो. पण मग रोज सकाळी तो उकरून काढायचा कंटाळा येतो, आणि ज्या दिवशी कंटाळा येतो त्याच दिवशी रोप जातं. उघडायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील तर रचना बदला.

सकाळी सातला घराबाहेर पडून संध्याकाळी सहाला परतणाऱ्यांनी कमानींऐवजी लाकडी चौकट आणि बिजागरीचं झाकण करावं, आणि झाकणाला आपोआप उघडणारा दांडा लावावा. त्यातल्या नळीत मेण असतं. ते तापून प्रसरण पावलं की दांडा झाकण उचलतो, गार झालं की खाली आणतो. वीज लागत नाही. नोकरी करणाऱ्या माणसासाठी याहून उपयोगी वस्तू या सगळ्या यादीत नाही.

तपासा : रोप लावण्याआधी रिकामा बोगदा चार दिवस चालवून पाहा. उन्हाच्या दिवशी अकरा वाजता बंद बोगद्यातलं तापमान वाचा. बाहेर १५ अंश असताना आत ३५ च्या वर गेलेलं दिसेल. तो आकडा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की पुढचा टप्पा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

## टप्पा ५ : रोप लावणं

बी पेरून पहिलं खरं पान उघडलं की रोप लावायला तयार झालं. साधारण दहा ते चौदा दिवस. चार पानांचं मोठं रोप लावलं तर आपण पुढे आहोत असं वाटतं, पण कुंडीत मुळं गोल फिरायला लागली की ते रोप जमिनीत आठवडाभर नुसतं बसून राहतं.

लावण्याआधी चार-पाच दिवस रोप रोज थोडा वेळ बाहेर ठेवून कणखर करा. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग हळूहळू ऊन. खिडकीतल्या काचेमागे वाढलेल्या पानाला बोगद्यातलं ऊनही सुरुवातीला सोसत नाही.

दिशा महत्त्वाची आहे. मुख्य वेल बहुतेक वेळा पहिल्या खऱ्या पानाच्या विरुद्ध बाजूला धावते. म्हणून ज्या बाजूला वेल न्यायची आहे त्याच्या उलट दिशेला पहिलं पान ठेवून रोप लावा. रोप बोगद्याच्या मधोमध नको. एका टोकापासून दोन फुटांवर लावा, म्हणजे पुढे वेलीला पाच-सहा फूट मोकळी जागा मिळते. कागदी किंवा कुजणारी कुंडी असेल तर तिची वरची कड मातीच्या वर राहू देऊ नका, ती ओलावा शोषून मुळांपासून पळवते.

ढगाळ दिवशी किंवा दुपारी चारनंतर लावा. पाणी कोमट द्या. नळाचं मेमधलं पाणी बर्फासारखं गार असतं, त्यामुळे एक बादली भरून आदल्या दिवसापासून बोगद्यातच ठेवा.

याच वेळी चार-सहा दुधाचे रिकामे कॅन पाण्यानं भरून, बाहेरून काळे रंगवून रोपापासून हातभर अंतरावर ठेवा. दिवसा ते ऊब साठवतात आणि पहाटे सोडतात. जाडसर तारेच्या दोन छोट्या कमानी रोपावर रोवून ठेवा. रात्रीचं क्रॉप कव्हर त्यांवर टाकायचं आहे, रोपाच्या अंगावर नाही.

## टप्पा ६ : रोजचं उघडणं आणि झाकणं

पुढचे पाच आठवडे हेच काम. तापमापक रोपाच्या उंचीवर, पण सावलीत टांगा. छोट्या पुठ्ठ्याचा आडोसा पुरतो. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचं नाही, स्वतःचं तापमान दाखवतो.

सकाळी सात ते आठ. रात्रीचं किमान तापमान वाचून लिहून ठेवा. आतलं क्रॉप कव्हर काढा. पाणी द्यायचं असेल तर आत्ताच, मातीत, पानांवर नाही. बोगद्यात पाऊस पडत नाही, ही गोष्ट लोक विसरतात. बाहेर आठवडाभर पाऊस आणि आत माती धूळ, असं हमखास होतं. बोटभर खोल उकरून पाहा.

आत २४-२५ अंश झाले की वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचं तोंड वीतभर उघडा. उन्हाच्या दिवशी हे नऊच्या आतच होतं.

दहाच्या सुमारास दोन्ही तोंडं उघडा. एकच तोंड उघडून भागत नाही. गरम हवा बाहेर जायला दुसरी वाट नसेल तर मागचा अर्धा बोगदा तसाच तापत राहतो.

बाहेर २० अंशांच्या वर आणि वारा शांत असेल तर पूर्वेची लांब बाजूही गुंडाळून वर करा.

दुपारी चार ते पाच. बंद करा, सूर्य मावळायच्या बराच आधी. अंधार पडल्यावर झाकलं तर साठवायला ऊबच उरलेली नसते. मेमध्ये ही चूक फार होते, कारण ऑफिसातून यायलाच उशीर होतो. घरात कोणी असेल तर त्यांना हे एक काम समजावून ठेवा.

झोपण्याआधी. रात्रीचा अंदाज ५ अंशांपेक्षा कमी असेल तर आतल्या तारेच्या कमानींवर क्रॉप कव्हर टाका. शून्याच्या जवळ असेल तर दोन थर, आणि बाहेर प्लास्टिकवर एखादी जुनी गोधडी किंवा रजईसुद्धा. सकाळी ती काढायची आठवण ठेवा.

ढगाळ, पावसाळी दिवशी बोगदा बंद ठेवला तरी चालतो, पण एक तोंड चार बोटं उघडून तासाभराची हवा द्या. आतून प्लास्टिकवर दिवसभर पाणी साचलेलं असेल तर ओल जास्त झाली आहे. देठाजवळ करडी बुरशी तिथूनच सुरू होते.

सकाळी घर सोडताना निर्णय करायचाच असेल आणि आकाश साफ असेल, तर दोन्ही तोंडं अर्धी उघडून जा. आत दिवसभर १५ अंश राहिले तर रोपाची वाढ एक दिवस मंदावते. ४५ झाले तर रोपच राहत नाही. हे दोन धोके सारखे नाहीत, म्हणून शंका असेल तेव्हा नेहमी उघडं ठेवण्याकडे झुका.

सावध : थंड रात्री मेणबत्ती, कोळशाची शेगडी किंवा प्रोपेन हीटर बोगद्यात ठेवू नका. प्लास्टिक पेटतं, आणि कोंडलेल्या धुरानं रोपालाही इजा होते. पाण्याचे कॅन आणि दुहेरी थर यांवर भागत नसेल तर रोप तुम्ही फार लवकर लावलं आहे.

तपासा : आठवड्यातून दोनदा पानांच्या खालची बाजू पाहा. पिवळे-काळे पट्टे असलेले काकडीचे भुंगेरे मेअखेर ते जूनमध्ये येतात आणि उघड्या तोंडांतून आत शिरतात. दिवसा तोंडं उघडी असताना तिथे १७-२० ग्रॅमचं कापड पडद्यासारखं लावलं तर हवा जाते आणि भुंगेरे बाहेर राहतात.

## टप्पा ७ : आच्छादन काढणं

काढायची वेळ दोन खुणांवरून ठरवा : वेलीचा शेंडा बोगद्याच्या टोकाला पोचला आहे, आणि रात्रीचं किमान तापमान सलग आठवडाभर १० अंशांच्या वर आहे. साधारण जूनचा मध्य. शेंडा आधी पोचला आणि रात्री अजून गार असतील तर टोकाचं प्लास्टिक उघडून शेंड्याला बाहेर जाऊ द्या आणि रात्री फक्त त्यावर क्रॉप कव्हर टाका. शेंडा वळवून आत कोंबू नका. तो मोडला तर हंगामच गेला.

एका शनिवारी सकाळी सगळं प्लास्टिक ओढून काढणं ही इथली नेहमीची चूक. बोगद्यात वाढलेली पानं मोठी पण मऊ असतात आणि त्यांचे देठ पोकळ, ठिसूळ. त्यांनी वारा पाहिलेला नसतो. संध्याकाळपर्यंत निम्मे देठ मोडतात आणि उरलेल्या पानांच्या कडा उन्हानं पांढऱ्या पडतात.

आठवडाभर घ्या. पहिले दोन दिवस दोन्ही तोंडं रात्रंदिवस उघडी. पुढचे दोन दिवस पूर्वेची बाजू पूर्ण वर. मग ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी प्लास्टिक काढा, पण कमानी तशाच ठेवून त्यांवर दोन-तीन दिवस हलकं क्रॉप कव्हर ठेवा. शेवटी तेही काढा. पश्चिमेला तीन-चार फूट उंचीचं वाऱ्याला अडवणारं कापड खुंट्यांवर लावून ते हंगामभर राहू द्या.

प्लास्टिक काढलं त्याच दिवशी मुख्य वेलीला दर दोन-तीन फुटांवर दोन बांबूच्या काड्यांची फुली रोवून जमिनीला धरून ठेवा. जूनमधल्या एका वादळात मोकळी वेल मुळापासून उलटी फिरते.

## टप्पा ८ : फुलावर आणि फळावर सावली

जुलै-ऑगस्टात आच्छादनाचं काम उलटं होतं. आता ऊब नको, सावली हवी.

मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी कळीवर जाळीची पिशवी घाला. सकाळी नर फुलानं हातानं परागीभवन केल्यावर फुलाच्या वर शेडनेटचा छोटा आडोसा करा. तापमान ३२ अंशांच्या वर गेलं की कोवळं फळ पिवळं पडून गळायचा संभव वाढतो.

फळ धरलं की ते फुटबॉलएवढं होण्याआधीच त्यावर चार खुंट्यांचा मांडव करून पांढरी चादर किंवा शेडनेट बांधा. थेट उन्हात साल लवकर निबर होते. आतला गर वाढतच असतो आणि साल ताणली न गेल्यानं फळ तडकतं. चीर आतल्या पोकळीपर्यंत गेली की ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ या, वजनाच्या स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार फळ स्पर्धेतून बाद होतं. मांडव फळापेक्षा दीड-दोन फूट उंच ठेवा, चारही बाजूंनी वारा खेळू द्या. फळाला चिकटून प्लास्टिक कधीही नको. खाली घाम साचतो आणि देठ कुजतो.

काही जण सबंध वेल कायमच्या पॉलिटनेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या बोगद्यात, वाढवतात. इंग्लंडमधल्या लिमिंग्टनच्या पेटन बंधूंचा २०२५ सालचा सुमारे १,२७८ किलोंचा विक्रमी भोपळा तसाच, छताखाली वाढलेला. पण त्यासाठी पंखे, सिंचन आणि रोगनियंत्रण यांची वेगळीच व्यवस्था लागते. अंगणात पहिल्या-दुसऱ्या वर्षी त्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

## टप्पा ९ : सप्टेंबरची पांघरुणं

सप्टेंबरअखेरीस एक-दोन रात्री फ्रॉस्ट पडतो आणि मग पुन्हा दहा-पंधरा दिवस छान ऊन असतं, असं आपल्याकडे पुष्कळदा होतं. त्या दोन रात्री पानं वाचली तर हे उरलेले दिवस पदरात पडतात. यासाठीच झाकायचं.

फळापासून सुरुवात करा. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून, रात्री १० अंशांच्या खाली जाऊ लागल्या की रोज संध्याकाळी फळावर रजई किंवा गोधडी घाला. दिवसभर तापलेलं फळ रात्रभर ऊब धरून ठेवतं. सकाळी काढा आणि वाळत घाला. ओली गोधडी पुन्हा फळावर घालण्यापेक्षा न घातलेली बरी. देठाच्या खोबणीत ओल राहिली की कूज तिथूनच लागते. पाऊस येणार असेल तर गोधडीच्या वर, मांडवावर, ताडपत्री टाका. गोधडीला चिकटून नाही.

मग पानं. पूर्ण वेल ४०० ते ८०० चौरस फूट पसरलेली असते. सगळी झाकायचा हट्ट धरलात तर अंधारात धावपळ होऊन देठ मोडतील. आधी मुख्य वेलीवरची, फळाच्या दोन्ही बाजूंची पानं. मग जमेल तेवढ्या उपवेली.

१. अंदाज ३ अंशांचा असला तरी तयारी ठेवा. हवामान खात्याचा आकडा जमिनीपासून वर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरच्या हवेचा असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पानाजवळ त्याहून दोन-तीन अंश कमी असतं. ढग किंवा वारा असेल तर धोका बराच कमी.

२. सकाळी माती ओली करा. संध्याकाळी पानांवर पाणी नको.

३. पानांपेक्षा वीतभर उंच खुंट्या आधीच रोवून ठेवा, त्यांवर रिकामे प्लास्टिकचे डबे उलटे घाला म्हणजे कापड फाटत नाही.

४. सूर्य मावळायच्या तासभर आधी ५० ग्रॅमचं क्रॉप कव्हर खुंट्यांवर पसरा. कडा जमिनीपर्यंत आणा आणि विटांनी दाबा. ऊब जमिनीतून येते. कडा लोंबकळत राहिल्या तर ती बाजूनं निघून जाते आणि कापड असून नसल्यासारखं होतं.

५. सकाळी कापडावरचं गोठलेलं दव वितळल्यावरच काढा. कडक झालेलं कापड ओढलं तर पानं फाटतात. पण दहाच्या पुढे ठेवू नका, उरलेल्या दिवसांतला प्रकाश मोलाचा आहे.

नाताळातल्या दिव्यांच्या माळा गोधडीखाली घालायची पद्धत आहे. हल्लीच्या एलईडी माळांतून ऊब जवळजवळ मिळत नाही. जुन्या तापणाऱ्या बल्बच्या माळा कापडाला टेकल्या तर आग लागू शकते. मी हा मार्ग सुचवत नाही.

तपासा : पानांवर पांढरी भुरी पसरली असेल, अर्ध्याहून जास्त पानं तपकिरी झाली असतील, तर पानं झाकण्यात अर्थ नाही. सलग तीन दिवस टेपनं फळाचा घेर मोजा. वाढ थांबली असेल तर फक्त फळ झाका आणि स्पर्धेपर्यंत ते शाबूत ठेवण्याकडे लक्ष द्या. अंदाज उणे २ अंशांच्या खाली गेला तर कापडावर विसंबू नका. गोठून वितळलेली साल मऊ पडते आणि दोन-तीन दिवसांत तिथे कूज धरते. अशा रात्रीआधी देठ दोन्ही बाजूंना हातभर वेल ठेवून कापा आणि फळ गॅरेजमध्ये हलवा. त्यासाठी चार-सहा माणसं आणि उचलायचा पट्टा आधीच ठरवून ठेवलेला हवा.

फळ निघालं की क्रॉप कव्हर आणि प्लास्टिक साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा, मगच घडी घाला. ओलसर घडीत बुरशी धरते, आणि गॅरेजच्या जमिनीवर ठेवलेल्या कापडात हिवाळ्यात उंदीर घर करतात. झाकणाच्या डब्यात भरून वरच्या फळीवर ठेवा आणि डब्यावर कापडाची जाडी व लांबी-रुंदी लिहा. एप्रिलमध्ये मोजत बसावं लागणार नाही.